कालव्यावरची फुली

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज काय झालं ते आधी सरळ लिहून काढते. मग डोकं चालतंय का बघू.

दुपारी जेवणं उरकून आम्ही जागेवर येतोय तोच फोन आला. एका मुलीचा आवाज, धापा टाकत बोलत होती. आई न्हाणीघरात पडली, तोंड वाकडं झालंय, बोलता येत नाहीये. आई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या गाण्याच्या बाई. घर कालव्याच्या पलीकडे. अ‍ॅम्ब्युलन्स लगेच सुटली. गाडीवर मेजर होते. मेजर सैन्यात कधीच नव्हते, पण ताठ चालतात आणि मिशांना पीळ देतात म्हणून सगळे मेजर म्हणतात. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर.

थोड्या वेळाने वायरलेसवर त्यांचा आवाज आला, "पूल नाहीये इथे."

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या कंट्रोल रूमच्या प्रमुख, माझ्या खुर्चीमागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "नाही कसा? नकाशात आहे की."

पूल खरंच नव्हता. पाडलाय, नवा बांधायला. गाडी मागे वळवून गावाला वळसा घालून जावं लागलं. गाण्याच्या बाई वाचल्या, पण उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. लवकर पोचलो असतो तर वेगळं झालं असतं का, ते डॉक्टर सांगत नाहीत.

आणि नकाशा माझा आहे. गेल्या वर्षापर्यंत मी फरशांच्या कारखान्यात नक्षीची ड्रॉइंग काढत होते. इथे आल्यावर कॉम्प्युटरवर नकाशे करायला शिकले. दर महिन्याला मी नकाशा नवा करते, त्याचं चित्र तयार होतं, ते प्रत्येक गाडीच्या टॅबमध्ये जातं. त्यावर गाडीचा ठिपका रस्त्यांवरून सरकतो, ड्रायव्हर तो बघून जातात.

तसं बघितलं तर पूर्वी ते बघत नसत. मागच्या महिन्यात मेजरांनी आपला जुना जवळचा रस्ता धरला आणि भाजीबाजारात अडकले. तेव्हा मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर त्यांना उभं करून सुनावलं होतं, "यापुढे स्वतःची अक्कल गाडीबाहेर ठेवायची. स्क्रीन दाखवेल तोच रस्ता." सगळे हसले. मेजर हसले नाहीत. मला मात्र, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं. माझ्या नकाशाला एवढा मान!

जेवण गेलं नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन फाइल उघडली. कालव्यापाशी गेले, झूम करत करत अगदी जवळ, आणि फुली तिथेच! लालभडक. शेजारी स्वच्छ अक्षरांत ‘पूल पाडला आहे’.

मी खुर्चीत मागे टेकले आणि डोळे मिटून घेतले. म्हणजे मी विसरले नव्हते. बांधकाम खात्याने बंद रस्त्यांची यादी पाठवली तेव्हा मी मुकाट्याने एकेक फुली मारली होती.

उद्या कुणी विचारलं तर नीट सांगता यावं म्हणून इथे मांडून ठेवते. आमचा नकाशा म्हणजे एक चित्र नव्हे. ते काचेच्या तावांसारखं एकावर एक असतं, त्याला लेअर म्हणतात. सगळ्यात खाली आकाशातून काढलेला फोटो. त्यावर पाणी, म्हणजे कालवा, तळी. त्यावर माझ्या फुल्या. त्यावर रस्ते. सगळ्यात वर नावं. सॉफ्टवेअर खालच्या तावापासून रंगवायला सुरुवात करतं आणि वर वर येतं. डाव्या बाजूला लेअरची नावं असतात, नावापुढे टिक केली की तो ताव दिसतो, काढली की जातो. इतकं सोपं आहे.

मोठ्या बाईंना फुली दाखवली. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "तरी पण, एक तांत्रिक कारण लिहून काढा. तांत्रिक काहीतरी असेलच."

फुली असताना तांत्रिक कारण कशाला हवं, ते मला कळलं नाही. पण त्या माझ्याशी इतक्या गोड बोलल्या की मी ‘हो’ म्हटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मेजर आले. दारात उभे. एरवी ते आमच्या खोलीत पाऊल टाकत नाहीत, चिखलाचे बूट असतात म्हणून. बुटांना आजही चिखल होता. सुट्टीच्या दिवशी गळ टाकून मासे धरायचा नाद आहे त्यांना, हातात ती लांब पिशवी होती.

"मॅडम, ते एकदा दाखवता का?"

मी दाखवलं. फुली, अक्षरं, सगळं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले.

"गाडीत नव्हतं हे."

"मेजर, एकच नकाशा आहे. तोच गाडीत जातो."

"असेल. पण गाडीत नव्हतं." मग म्हणाले, "रस्ता असा सरळ गेलेला दिसत होता. मधे काही नाही."

माणूस घाबरला की असंच म्हणतो. त्यांचं वय झालंय, डोळे अधू झालेत की काय कोण जाणे. ते निघताना म्हणाले, "परत येईन बघायला." मला ते धमकीसारखं वाटलं. माझी चूक शोधायला येणार, आणखी काय!

८ फेब्रुवारी, शनिवार

परत आले. परत तेच बघितलं. आणि गेले.

१० फेब्रुवारी, सोमवार

गाण्याच्या बाईंची मुलगी आली होती. बाहेर बाकावर बसवलं होतं तिला, ती उठून सरळ आत आली. माझ्याहून लहान, केस नुसते वर बांधलेले, दवाखान्यातून थेट आली असावी.

"नकाशा तुम्ही काढता?"

मी ‘हो’ म्हटलं. आता ओरडेल, रडेल, काय करेल या भीतीने मी टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. पण ती शांतपणे म्हणाली, "मला फक्त आमचं घर कुठे आहे ते दाखवा. आणि अ‍ॅम्ब्युलन्स कुठून आली ते."

मी दाखवलं. तिच्या घराचं छप्परही फोटोत दिसत होतं, त्यावरची पाण्याची टाकी. तिथून कालव्यापर्यंत गेले. ती स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाली, "इथे तर फुली आहे."

"हो."

"म्हणजे त्यांना दिसत होतं."

फुली समोर होती. मी मान हलवली. हलवली की नुसती हलली, आता आठवत नाही. तिने डोळे पुसले, ‘थँक्यू’ म्हणाली आणि गेली. गाण्याच्या बाई अजून बोलत नाहीत, पण सुरात हुंकार देतात म्हणे.

ती गेल्यावर छातीवरचा दगड उतरला. आणि लगेच दुसरं काहीतरी येऊन बसलं. ते काय, कळेना.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मुलीने मेजरांविरुद्ध तक्रार दिली. चौकशी होईपर्यंत त्यांनी घरी बसायचं. मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला. "सुटलात तुम्ही," म्हणाल्या. "आता ते तांत्रिक कारण वगैरे राहू द्या."

किती मायाळू बाई! परवापर्यंत कारण लिहा म्हणत होत्या, आज माझा त्रास वाचवला.

घरी सांगितलं. नवरा दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या करतो, जेवतानाही त्याच्या नखांत गुलाबी मेण असतं. तो म्हणाला, "झालं ना? मग गप्प बस आता. कवळी नीट बसली की मी गिऱ्हाइकाला ‘कुठे टोचतंय का’ असं दहादा विचारत नाही."

सासूबाई म्हणाल्या, "टोचत असेल तर ते परत येतातच की रे."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मेजरांनी जाताना गाडीचा टॅब माझ्या टेबलावर ठेवला होता. चार्ज करावा म्हणून लावला आणि सहज कालव्यापाशी गेले.

फुली नाही.

रस्ता सरळ कालव्यावरून पलीकडे गेलेला. स्वच्छ, पिवळा, रुंद. मला वाटलं जुना नकाशा असेल. पण तारीख याच महिन्याची, मीच टाकलेली. मी टॅब कॉम्प्युटरच्या शेजारी ठेवला. इकडे फुली, तिकडे नाही. तेच गाव, तोच कालवा, आणि दोन्ही नकाशे करणारीही मीच.

पाणी प्यायले. म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. पण मग मीही खोटं बोलत नव्हते. मग कोण?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

ज्यांनी आम्हाला सॉफ्टवेअर दिलं त्यांच्या हेल्पलाइनवर फोन केला. तिथे एक मुलगा असतो, बोलताना कायम काहीतरी खात असतो.

"मॅडम, तुम्ही जवळून बघताय. लांबून बघा."

मी झूम मागे घेतला. थोडं मागे, फुली आहे. अजून मागे, आहे. गाडीत जाणारं चित्र जितक्या लांबून तयार होतं तितकी मागे गेले आणि फुली गेली. नुसती नाहीशी. पुढे गेले, आली. मागे, गेली. मी वेड्यासारखी पुढेमागे करत बसले.

"हे काय आहे?"

"त्या लेअरला मर्यादा लावलीय. इतक्या जवळ आल्याशिवाय दिसायचं नाही, अशी. नाहीतर लांबून नकाशा फुल्यांनी भरून जातो ना. ती चूक नाही मॅडम, सोय आहे."

"कुणी लावली?"

"तुम्हीच लावली असेल. किंवा फाइल आली तेव्हाच असेल लावलेली."

आता काय गंमत बघा. मी दरवेळी फुली आहे का हे बघायला जवळ जात होते, आणि जवळ गेलं की ती असायचीच. म्हणजे मी तपासल्यामुळे ती दिसत होती. ज्याने तपासलं नाही, नुसतं पाहिलं, त्याला दिसली नाही.

त्या मुलीलाही मी जवळून दाखवलं. हे लिहिताना हात थांबला.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सुट्टी असून ऑफिसला गेले. मर्यादा काढून टाकली. झालं, आता लांबूनही दिसेल म्हणून मागे गेले. तरी नाही!

टिक केलेली आहे. मर्यादा नाही. आणि फुली नाही. मी स्क्रीन पुसलीसुद्धा, इतकी वेडी झाले. पुन्हा फोन. आज त्याचं तोंड रिकामं होतं.

"फुल्या रस्त्यांच्या वर आहेत की खाली?"

"खाली."

"मग झाकल्या जाणारच. रस्ता नंतर रंगवला जातो."

"पण जवळून दिसते की!"

तेव्हा त्याने जे सांगितलं ते मी चार वेळा ऐकलं तेव्हा डोक्यात शिरलं. फुलीचा आकार जमिनीवरच्या मापाने ठरवलाय, म्हणून लांब गेलं की ती खऱ्या वस्तूसारखी लहान होत जाते. रस्त्याची जाडी मात्र स्क्रीनच्या मापाने ठरवलीय. कितीही लांब गेलं तरी रस्ता तेवढाच जाड. त्यामुळे जवळून फुलीची चारी टोकं रस्त्याच्या बाहेर येतात, आणि लांबून अख्खी फुली रस्त्याखाली मावते. आहे तिथेच असते. फक्त रस्ता तिच्यावर बसलेला असतो.

"आणि पूल?" मी विचारलं. "पूल नाही तर रस्ता कालव्यावरून जातोच कसा?"

"पाणी खालच्या लेअरमध्ये, रस्ता वरच्या. निळ्यावर पिवळा रंग मारला गेला. सॉफ्टवेअरला पूलबिल काही कळत नाही मॅडम, त्याला फक्त आधी काय आणि नंतर काय एवढंच कळतं."

फोन ठेवला. फुल्यांचा लेअर धरून यादीत रस्त्यांच्या वर ओढला. लांबूनही एक लाल ठिपका दिसायला लागला. मी एकटीच त्या खोलीत टाळी वाजवली.

मग लक्षात आलं, अक्षरं नाहीत. ‘पूल पाडला आहे’ हे कुठेच नाही. त्या जागी ‘पेट्रोल पंप’.

आता मात्र मी फोन केला नाही, स्वतःच शोधत बसले. नावांचं असं आहे की दोन नावं एकमेकांवर चढायला लागली की सॉफ्टवेअर एकाला ठेवतं आणि दुसऱ्याला टाकून देतं. विचारत नाही, सांगत नाही. कुणाला ठेवायचं ते आपण आधी ठरवलेल्या क्रमावर. पेट्रोल पंप वर ठेवा असं मोठ्या बाईंनीच सांगितलं होतं, डिझेलसाठी.

म्हणजे एक कारण नव्हतं. मर्यादा होती, क्रम होता, जाडी होती, नावं होती. यातलं एक जरी वेगळं असतं तरी मेजरांना काहीतरी दिसलं असतं. मग चूक यातली कुठली? आणि कुणाची? ज्याने मर्यादा लावली त्याची? रस्ता एवढा जाड ठेवणाऱ्याची? की हे सगळं माझ्या नाकासमोर असताना ‘इतकं सोपं आहे’ असं लिहिणारीची?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं खूश होतील, त्यांना तांत्रिक कारणच तर हवं होतं. चांगली चार मिळाली.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आता कशाला? तक्रार ड्रायव्हरवर आहे. तुम्ही मधे पडलात तर तुमच्यावर येईल."

"पण बाई, त्यांना दिसत नव्हतं."

"तो तिथला माणूस आहे. त्याला दिसायची गरज काय होती?" असं म्हणाल्या आणि एकदम थांबल्या. मग पेन उघडलं, बंद केलं. "चौकशीत विचारतील तेवढंच सांगा. तांत्रिक तेवढं."

मी बाहेर आले. आधी कारण हवं होतं, मग नको झालं, आता आहे तर लपवा. माझीच समज कमी पडतेय बहुतेक. त्या माझ्या काळजीपोटी बोलतात हे मात्र दिसतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मेजरांना फोन केला. बायकोने उचलला. ते कालव्यावर गेलेत म्हणाली. "रोज जातात. गळ घरीच असतो. नुसते बसतात."

"त्यांना सांगा, गाडीत फुली नव्हती हे मी बघितलं."

ती म्हणाली, "बाई, त्यांना ते माहीत आहे. त्यांचं दुखणं वेगळंच आहे."

कुठलं ते तिने सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही. पाठीचं असेल. ड्रायव्हर लोकांना पाठीचा त्रास असतोच.

घरी नवऱ्याने सरळ विचारलं, "नोकरी गेली तर?"

"तर फरशांवर फुलं काढीन परत."

तो हसला नाही. पण ताटातला शेवटचा पापड मोडून अर्धा मला दिला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज चौकशी झाली. लांबट खोली, खुर्च्यांना चाकं, त्यामुळे घाबरलेला प्रत्येक जण थोडा थोडा मागे सरकत होता. चौकशीला तिघं, एक डॉक्टर, एक वकीलबाई आणि एक गृहस्थ, जे फक्त लिहून घेत होते. एका बाजूला गाण्याच्या बाईंची मुलगी. दुसऱ्या बाजूला मेजर, इस्त्रीच्या शर्टात. त्यांनी मिशा पिळल्या नव्हत्या, त्यामुळे ते दुसरेच कुणी वाटत होते.

मी भिंतीवर नकाशा दाखवला. जुनी फाइल मी जपून ठेवली होती, बदल न करता. आधी जवळून. फुली. मग मागे, मागे, आणि सगळ्यांसमोर ती गेली.

डॉक्टर म्हणाले, "परत करा."

परत केलं. मग त्यांच्यासमोर मर्यादा काढली, तरी नाही आली. रस्ते बंद केले, टिक काढून. तेव्हा त्या रिकाम्या निळ्या कालव्यावर एक बारीकशी लाल फुली उघडी पडली. रस्ते परत लावले, झाकली गेली.

मुलगी म्हणाली, "मला तुम्ही जवळून दाखवलंत."

"हो. मला माहीत नव्हतं. मी स्वतःसुद्धा जवळूनच बघत होते."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग होता की नव्हता, सांगता येत नाही.

वकीलबाई मेजरांकडे वळल्या. "म्हणजे तुम्हाला फुली दिसली नाही. पूल पाडलाय हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मला वाटलं ते आता सुटले. ‘नाही’ म्हणायचं, बस.

मेजर म्हणाले, "ठाऊक होतं."

"काय?"

"पाडताना बघितलाय मी. तिथेच गळ टाकून बसतो सुट्टीच्या दिवशी."

"मग गेलात कशाला?"

"स्क्रीनवर होता." ते टेबलाकडे बघत बोलत होते. "वळणावर मला वाटलं, अरे, इथे तर नाहीये पूल. मग वाटलं, आपल्याला काय कळतंय. तात्पुरता काही बांधला असेल. एवढी माणसं बसून नकाशा करतात. आणि वळवली गाडी." मग मुलीकडे वळून म्हणाले, "मला माहीत होतं, ताई. माहीत असून गेलो."

मुलीने तोंडावर हात धरला.

मी चक्रावून गेले. माहीत होतं तर गेले कशाला? माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं सोडून माझ्या पिवळ्या रेघेवर विश्वास ठेवतो? मी कोण लागून गेले? मी तर कालवा कधी बघितलासुद्धा नाही.

वकीलबाईंनी मला विचारलं, "ड्रायव्हरांना स्क्रीनबद्दल काही सूचना होती का?"

मोठ्या बाई म्हणाल्या, "त्या तांत्रिक बाजू बघतात, त्यांना हे…"

"मी त्यांना विचारलंय."

विचारतील तेवढं सांगा असं बाईंनीच सांगितलं होतं, म्हणून मी विचारलेलं सांगितलं. भाजीबाजाराचं, सगळ्यांसमोर मेजरांना उभं केलं ते, ‘स्वतःची अक्कल गाडीबाहेर ठेवायची’ हे शब्द जसेच्या तसे. आणि बाईंबद्दल गैरसमज नको म्हणून वर हेही सांगितलं की त्यांनी ते चांगल्यासाठीच सांगितलं होतं, नकाशावर त्यांचा केवढा विश्वास होता.

लिहिणाऱ्या गृहस्थांनी पहिल्यांदाच मान वर केली.

मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, समोर भिंत आहे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मोठ्या बाई माझ्याशी बोलत नाहीत. चहाचं विचारलं तर ‘नको’. मी तर त्यांची बाजूच घेतली होती!

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी भाजी निवडता निवडता ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "तू फार हुशार आहेस की अगदीच भोळी, मला या वयातही कळत नाही." आणि हसत बसल्या. नवराही हसला. मला विचारलंही नाही की मला कळतंय का.

१ मार्च, शनिवार

गाण्याच्या बाईंना बघायला दवाखान्यात गेले होते. मुलगी जिन्यात भेटली. मी काही ठरवून बोलणार होते, ते सगळं विसरले. तीच म्हणाली, "त्यांच्यावरची तक्रार मी मागे घेतली. ते येऊन गेले काल. आईजवळ बसले, काही बोलले नाहीत. आईने त्यांचा हात धरला. डाव्या हाताने."

"बाईंना कळतंय सगळं?"

"कधी वाटतं कळतंय, कधी वाटतं नाही." मग ती म्हणाली, "तुम्ही म्हणता चार कारणं होती. मला एकच सांगाल का? मला रात्री एकाच कुणाला तरी धरून रागवायचंय."

मला एकही सांगता आलं नाही. आम्ही दोघी जिन्यात तशाच उभ्या राहिलो. माणसं बाजूने चढत उतरत होती. मग तिने तिच्या डब्यातलं सफरचंद मला दिलं, का कोण जाणे, आणि ती वर गेली.

४ मार्च, मंगळवार

निकाल आला. मेजर परत गाडीवर. मोठ्या बाईंची बदली भांडारात. स्क्रीन यापुढे मदतीला, हुकमाला नाही. मला लेखी ताकीद. आणि महिन्यातून एक दिवस मी गाडीबरोबर फिरायचं. ही शिक्षा की बक्षीस ते कळेना. विचारायला गेले तर क्लार्क म्हणाला, "त्यात दोन्हीतलं काहीच लिहिलेलं नाही."

बाईंनी खोली रिकामी केली. जाताना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही चांगलं काम करता." ते टोचून होतं की मनापासून, हेही मला समजलं नाही.

६ मार्च, गुरुवार

आज पहिल्यांदा गाडीत बसले, मेजरांच्या शेजारी, टॅब मांडीवर. त्यांनी मिशा पिळल्या होत्या.

सकाळी काही काम नव्हतं, म्हणून ते कालव्यावर घेऊन गेले. मी काठावर उभी राहिले. माझ्या स्क्रीनवर तो बोटभरसुद्धा नाही. इथे हाक मारली तर पलीकडे ऐकू जाईल की नाही अशी रुंदी, आणि वाहत्या पाण्याचा आवाज, जो कुठल्याच लेअरमध्ये नाही. तुटक्या पुलाच्या गजांवर पक्षी बसले होते.

मी म्हटलं, "मेजर, तुम्ही ‘नव्हतं माहीत’ म्हणाला असता तर सुटला असता."

"हो ना," म्हणाले. एवढंच. आणि गाडी सुरू केली.

दुपारी फोन आला. एक गृहस्थ शिडीवरून पडले, नव्या वस्तीत. आम्ही निघालो. वस्तीच्या तोंडाशी रस्ता दोन फाटे फुटून गेलेला. मेजरांनी गाडी थांबवली.

"मॅडम, कुठे?"

मी टॅब जवळ घेतला, लांब केला. दोन्ही फाटे तितकेच पिवळे. नावांनी एकमेकांना ढकललेलं, एकाचं नाव होतं, दुसऱ्याचं गेलेलं. एका फाट्यावर फोटोत नसलेलं घर समोर उभं होतं. मी पुन्हा जवळ गेले. पुन्हा लांब. शेजारी मेजर वाट बघत होते, आणि कुठेतरी तो माणूस.

"मला माहीत नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. काच खाली केली. एक बाई पायरीवर चादर पिळत होती.

"ताई, शिडीवरून कुणी पडलंय का इथे?"

तिने बोट दाखवलं. मग तेवढ्याने भागणार नाही असं वाटलं असावं, कारण तिने चादर बादलीत टाकली आणि ओल्या हातांनी पदर खोचत ती आमच्या पुढे धावायला लागली. दोन घरांच्या मधून, जिथे माझ्या नकाशात काहीच नाही, तिथून. मेजर पहिल्या गिअरमध्ये तिच्या मागोमाग. ती वळून वळून बघत होती, आम्ही येतोय ना म्हणून.

त्या गृहस्थांचा पाय मोडला होता, बाकी शुद्धीवर होते आणि शिडीलाच शिव्या देत होते. त्यांना आत घेताना टॅब सीटवर पडला. उचलून बघितलं, तर त्यावरचा गाडीचा ठिपका अजून फाट्यावरच थांबलेला होता.